नैराश्य आणि बायपोलरसाठी तालुक्याच्या गावात स्वमदत गट: मांडणी कशी करावी?

करंजफाटा

आमचं तालुक्याचं गाव आहे, तीसेक हजार वस्तीचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी येते. औषधं मिळतात, पण रांग एवढी असते की दोन शब्द बोलायला सवड कुणालाच नसते. म्हणून नैराश्य आणि बायपोलर (मूड कधी फार खाली, कधी फार वर जाणारा आजार) असलेल्यांचा स्वमदत गट सुरू करायचा विचार आहे. सध्या माणसं तीन: एक शुभार्थी, एक शुभंकर आणि एक निवृत्त शिक्षिका. पुण्या-ठाण्याच्या गटांबद्दल वाचलं आहे, पण ती घडी इथे जशीच्या तशी बसेल असं वाटत नाही.

बैठक किती दिवसांनी, कुठे, किती वेळ? आजारी माणूस आणि घरचे एकत्र बसवायचे का? व्हॉट्सॲप ग्रुप काढावा का? कुणी जीव द्यायची भाषा केली तर बैठक चालवणाऱ्याने त्या क्षणी काय करायचं? खेड्यांत कसं पोचायचं? नोंदणी लागते का?

'सकारात्मक राहा' छापाची उत्तरं नकोत, हात जोडतो.

घड्याळकाका

नवीन वाचणाऱ्यांसाठी: शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. मराठी गटांत हे शब्द आता रुळलेत, आणि 'पेशंट' आणि 'नातेवाईक' यांपेक्षा बरे आहेत.

पहिली गोष्ट नावाची. फलकावर 'स्वयंसहायता गट' लिहू नका. तालुक्यात त्याचा अर्थ बचत गट होतो आणि बायका कर्जाची चौकशी करायला येतात. 'मनमोकळी बैठक' वगैरे काहीही साधं चालेल.

आता मूळ मुद्दा. या आजारांच्या गटात दोन खुर्च्या सांभाळायच्या असतात. एक रिकामी आणि एक न थांबता बोलणारी. नैराश्य वाढलं की माणूस येणं बंद करतो, म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त तोच गैरहजर. मूड वर चढू लागला की माणूस वेळेआधी येतो, सगळ्यांचं ऐकायच्या आधी उत्तर देतो आणि गटाचा ट्रस्ट करून पाच हजार पत्रकं छापायची योजना मांडतो. हजेरी हेच इथे लक्षण असतं. व्यसनमुक्तीच्या गटाचे नियम उचलून आणले तर नेमकं हेच निसटतं.

रिकाम्या खुर्चीसाठी: बैठक महिन्याची नको, पंधरवड्याची ठेवा. महिन्याची एक चुकली की मध्ये दोन महिने जातात, तेवढ्यात माणूस पार आत ओढला गेलेला असतो. दर आठवड्याची ठेवली तर चालवणारे थकतात. आणि ठरलेली बैठक रद्द करायची नाही, पाऊस असो की निवडणूक. कुणीच नाही आलं तर दोघांनी दीड तास बसून राहायचं. महत्प्रयासाने घराबाहेर पडलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही.

कुणी एक बैठक चुकवली की तिसऱ्या दिवशी निरोप. 'का आला नाहीत?' असं विचारायचं नाही, त्याने अपराधी वाटतं आणि फोन बाजूला पडतो. मजकूर असा: 'परवा बैठक झाली. तुमची खुर्ची ठेवली होती. पुढची १४ तारखेला, तीन वाजता. उत्तर द्यायची गरज नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका, निरोप वाचला जातो तो त्याच्यामुळे. दोन चुकल्या तर फोन. तीन चुकल्या तर, आधी लेखी होकार घेतला असेल तरच, घरी चक्कर.

बोलणाऱ्या खुर्चीसाठी: सगळ्यांना दिसेल असं घड्याळ, प्रत्येकाला पहिल्या फेरीत तीन मिनिटं, अगदी पाहुण्या डॉक्टरांनासुद्धा. घड्याळ सगळ्यांना सारखं असलं की थांबवलेल्याला अपमान वाटत नाही. कुणी चढत्या मूडमध्ये आहे असं दिसलं तर चारचौघांत 'तुम्ही मॅनिक वाटता' म्हणायचं नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन एकच प्रश्न: गेल्या तीन रात्री किती तास झोपलात? उत्तर चार तास आणि वर 'पण थकवा नाही' असं आलं, की समजायचं. तेव्हा उपयोगी पडतो तो कागद, जो माणूस बरा असताना स्वतः लिहून देतो: 'माझी झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली तर अमुकला कळवा, एटीएम कार्ड तमुककडे द्या, गाडीची चावी घ्या.' असा कागद नसेल तर घरच्यांना परस्पर फोन करायचा नाही.

पैशाचे दोन नियम पहिल्याच दिवशी. गटात उसनवार नाही, विक्री नाही, साखळी योजना नाहीत. आणि पाचशे रुपयांवरचा कुठलाही खर्च सुचला तर निर्णय पुढच्या बैठकीला. हा नियम रुक्ष वाटतो, पण चढत्या मूडमधल्या माणसाचा उत्साह त्यामुळे कुणालाही 'नाही' न म्हणता थांबतो.

बाकी मांडणी: आठ ते बारा जण, खुर्च्या गोलात, चालवणारे दोन. एक बोलणं सांभाळतो, दुसरा माणसं बघतो, कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जातो. एकट्याने बैठक चालवणं ही पहिल्या वर्षात गट बुडण्याची खात्रीची वाट. वेळ दीड तास: नियम वाचून दाखवणं पाच मिनिटं, फेरी पस्तीस-चाळीस, एका ठरलेल्या विषयावर तीस, शेवटी प्रत्येकाने पुढच्या पंधरा दिवसांतलं एकच काम सांगायचं. काम छोटं हवं. 'व्यायाम सुरू करणार' नाही, 'मंगळवारी सकाळी चौकापर्यंत जाऊन पेपर आणणार'. दार लावल्यावर दोघा चालकांनी पंधरा मिनिटं एकमेकांशी बोलायचं आणि मगच घरी.

चालवणारा शुभार्थी असावाच, पण सहा महिने तरी स्थिर असलेला. आणि त्याचा मूड हलला तर दोन बैठका सुट्टी, हे आधीच ठरलेलं असावं.

पाणीपाळी

जागा आणि वेळ याबद्दल. रुग्णालयाच्या आवारात घेऊ नका, तिथे पायरी चढली की गावभर होतं. देवळातही नको, एका समाजाचे लोक येतच नाहीत. वाचनालयाची वरची खोली किंवा रविवारी शाळेचा वर्ग बरा. वाचनालयात जायला कुणालाच कारण सांगावं लागत नाही.

वार आठवडी बाजाराचा धरा. खेड्यातला माणूस त्या दिवशी तसाही तालुक्याला येतो, घरी खुलासा द्यावा लागत नाही, एसटी-जीपा जास्त असतात. सकाळी लवकर ठेवू नका: नैराश्य बऱ्याच जणांना पहाटे-सकाळी सगळ्यात जड असतं, वर रात्रीच्या गोळीची गुंगी. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ जमते. पण आधी एसटी स्टँडवर जाऊन तुमच्या लांबच्या गावांच्या शेवटच्या गाड्या बघा आणि त्याआधी अर्धा तास बैठक संपवा.

झोपेचं वर आलंच आहे, त्यात खेड्याची एक भर. बायपोलरवाल्याला झोप मोडणं म्हणजे काडी लावणं, हे डॉक्टर सांगतात. पण शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की हाच माणूस आठवडाभर रात्री अकरा ते पहाटे दारं धरत असतो, आणि डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही. गटात हे काम विषय म्हणून घ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी कोण देणार? भाऊ, वाटेकरी, की शेजाऱ्याशी अदलाबदल? तेच लग्नसराई, गणपती, जागरण-गोंधळ यांचं. 'जाऊ नका' म्हणून कुणी ऐकत नाही. 'अकरा वाजता उठून घरी या, गोळीची वेळ चुकवू नका' हे ऐकतात.

मूडची नोंद ठेवायला ॲप सांगू नका. गणिताची चौकटीची वही घ्या. दिवसाला एक उभी ओळ. वरच्या चौकटीत झोपेचे तास, खाली मूड उणे तीन ते अधिक तीन, त्याखाली गोळी घेतली की बरोबरची खूण, तळाला एखादा शब्द: 'पाहुणे', 'भांडण', 'पाळी', 'रात्रपाळी'. एका पानावर महिना मावतो. ओपीडीत डॉक्टरपुढे फक्त ते पान उघडं धरायचं. 'कसं वाटतंय?' 'बरंय' यात जी पाच मिनिटं जातात, ती वाचतात.

खेड्यांसाठी: प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंची मासिक बैठक असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वीस मिनिटं मागून घ्या. त्यांच्याकडून याद्या मागू नका. यादी झाली की नाव फुटलं, आणि त्या आधीच कामाच्या ओझ्याखाली आहेत. त्यांच्याकडे चिठ्ठी द्या, ज्याला वाटेल तो येईल. बोलताना 'मानसिक आजार' या शब्दाने सुरुवात केली की चेहरे बंद होतात. लोक सांगतात ते शब्द वापरा: काही गोड लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे होतात, डोक्याला मुंग्या येतात, झोप उडाली, उगाच रडू येतं. आणि बायपोलरसाठी: चार दिवस झोप नाही तरी अंगात बळ, भसाभसा पैसा खर्च, बोलणं आवरत नाही. ही दुसरी यादी बहुतेक पत्रकांत नसतेच.

देवऋषी, दर्गा यांच्याशी भांडण मांडू नका. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं दिसलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे गप्प बसायचं नाही. पण नुसता अंगारा घेणाऱ्याला 'अंगारा राहू द्या, गोळी पण घ्या' एवढंच सांगायचं. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' म्हणून हेच चालतं, मुजावरच लोकांना डॉक्टरकडे धाडतात. गावातलेच लोक शिकवून तयार करायचे असतील तर 'आत्मीयता' उपक्रम बघा: सुरुवात नाशिकच्या पेठ तालुक्यात, पुढे मेहसाणा जिल्ह्यात. त्यात गावातले स्वयंसेवक ऐकून घेतात, दिवसाची कामं लावून देतात, अडचण सोडवायला मदत करतात आणि सरकारी योजनांचे कागदही करून देतात. तो शेवटचा भाग हलका धरू नका. निराधार योजनेचा अर्ज भरून दिला की घरचे लोक गटावर विश्वास टाकतात.

जुनी_ओपीडी

औषधांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण चांगले चाललेले गटही इथेच चुकतात.

नियम एका ओळीचा: स्वतःला काय झालं ते सांगा, दुसऱ्याने काय घ्यावं ते सांगू नका, गोळीची पट्टी हातातून हातात जाणार नाही. कारणही सांगा, नाहीतर नियम पाळला जात नाही. नैराश्याची गोळी एकाला लागू पडली म्हणून त्याने ती दुसऱ्याला सुचवली, आणि त्या दुसऱ्याचं नैराश्य मुळात बायपोलरमधलं असलं, तर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना ती गोळी त्याला थेट उन्मादात, म्हणजे मूडच्या बेफाम चढात, ढकलू शकते. बाहेरून दोन्ही नैराश्यं सारखीच दिसतात. म्हणूनच नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीने, पीएचक्यू-९ ने, गटात निदान करत बसू नये. तिच्यात उन्मादाबद्दल एकही प्रश्न नाही.

दुसरं, लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायला देतात ते औषध. यावर एक पूर्ण बैठक ठेवा. उपयोगी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडं असतं: रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० ठेवतात, १.५ च्या वर धोका. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो. थायरॉइड आणि किडनीची तपासणी साधारण सहा महिन्यांनी. पातळी अचानक चढते ती अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की: मे महिन्यातलं रानातलं काम, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, वारीची चाल, रक्तदाबासाठी अचानक मीठ तोडणं. आणि मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी किडनीतून लिथियम कमी बाहेर पडतं. कंबर दुखली म्हणून पाच दिवस घेतलेली गोळीही महागात पडते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टर, त्याच दिवशी.

आता जीव द्यायच्या बोलण्याबद्दल. थेट विचारा. 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. 'असं वेडंवाकडं बोलू नये' म्हटलं की दार बंद. मग क्रमाने: कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का? कधी? ठरलेली पद्धत, हाताशी साधन आणि जवळची वेळ अशी उत्तरं आली तर दुसऱ्या चालकाने त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन बसायचं, एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही दाराशी थांबायचं. घरच्यांना बोलवायचं आणि गाडी करून तडक रुग्णालयाच्या अपघात विभागात. गुप्ततेच्या नियमाला हा एकच अपवाद, आणि तो प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वाचून दाखवलेला असला पाहिजे, म्हणजे फसवणूक वाटत नाही.

नुसते विचार असतील, बेत नसेल, तरी घरच्यांना सांगून दोन कामं त्याच दिवशी करायची, तीही त्या माणसाच्या संमतीने. फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात, आणि गोळ्या महिनाभराच्या एकत्र हातात न देता आठवड्याच्या. तीव्र लाट बहुतेक वेळा काही तासांत ओसरते. त्या तासांत हाताशी काही नसणं, इतकंच त्यामागचं तर्कशास्त्र. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नियमांच्या कागदावर तळाशी मोठ्या आकड्यांत छापा.

पोलिसांची भीती लोक हमखास काढतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना नोंद देईल, ती त्यांची पद्धत आहे. तिला घाबरून उपचाराला उशीर करू नये.

नोंदणी: तास-दीड तासाच्या बैठकीला लागत नाही. कुणाला मुक्कामाला ठेवायला लागलात तर मात्र 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणून नोंदणी करावी लागते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

तिसरा_कप

घड्याळकाकांची मांडणी मान्य, पण त्यांनी घरच्यांचा प्रश्न सोडूनच दिला.

शहरात शुभंकरांचा गट वेगळा ठेवतात. तालुक्यात बाई एकटी येत नाही, नवरा किंवा सासू बरोबर असतेच. त्यांना 'बाहेर थांबा' म्हटलं तर पुढच्या वेळी दोघीही येत नाहीत. आणि एकत्र बसवलं तर पूर्ण वेळ सासूच बोलते: 'ही झोपूनच असते, गोळ्या फेकून देते.' म्हणून पहिला अर्धा तास सगळे एकत्र, त्यात फक्त माहिती: लिथियम, झोप, एखादी योजना. मग चहा. आणि चहा दुसऱ्या खोलीत ठेवायचा! शुभंकर चहाला जातात आणि तिथेच त्यांची वेगळी बैठक सुरू होते, दुसऱ्या चालकाबरोबर. शुभार्थींचा चहा आत येतो. कुणाला बाहेर काढल्यासारखं वाटत नाही. म्हणजे चालवणारे दोन पुरत नाहीत, तीन लागतात, आणि करंजफाटांकडे तीन आहेत. त्यात बाई हवीच. घरातल्या मारहाणीबद्दल पुरुष चालकापुढे कुणी बोलणार नाही.

व्हॉट्सॲप: ग्रुप काढू नका. प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि रात्री दोन वाजता कुणी 'आता सहन होत नाही' लिहिलं तर पस्तीस जण वाचतात आणि जबाबदारी कुणाचीच नसते. किंवा चढत्या मूडमधला माणूस एका रात्रीत ऐंशी मेसेज टाकतो आणि सकाळी त्याला स्वतःलाच तोंड दाखवणं नको होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. फक्त लक्षात ठेवा, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्या, 'वाचनालय' अशा नावाने. घरातलं दुसरं कुणी फोन बघतंच.

आणि बाळंतिणी. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी वेगळी मोहीम नको, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आया आपणहून आलेल्या असतात. तिथे चिठ्ठी ठेवा. बाळाला इजा करायचे विचार, कानात आवाज, दोन-तीन दिवस अजिबात झोप नाही, हे सांगितलं तर मात्र गट नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

करंजफाटा

सगळ्यांचे आभार. बाजार आमच्याकडे गुरुवारी असतो, वाचनालयाची वरची खोली मिळेल. चिठ्ठीचा मजकूर असा केला आहे:

'नैराश्य किंवा बायपोलर आजार आहे? एकटे नाही आहात. मोफत समुपदेशन व मार्गदर्शन. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दु. ३ वा., वाचनालय.'

पाणीपाळी

'समुपदेशन' काढा. समुपदेशक तुमच्याकडे नाही, आणि ते वाचून आलेला माणूस उत्तर मागतो. आजाराचं नावही वर नको, ज्याला निदानच झालेलं नाही तो वाचून पुढे जाईल. 'झोप उडाली, काही गोड लागत नाही, किंवा चार रात्री न झोपताही अंगात फार बळ आलंय?' असं सुरू करा. 'एकटे नाही आहात' ही ओळ विम्याच्या जाहिरातीसारखी वाटते. त्याऐवजी 'बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं बसलं तरी चालतं.'

'दर पंधरा दिवसांनी' म्हणजे कुठला गुरुवार ते कुणाला कळणार? 'दुसरा आणि चौथा गुरुवार' छापा. तळाशी नंबरच्या उभ्या पट्ट्या कातरून ठेवा, फाडून नेता येतील अशा, आणि पट्टीवर नुसता नंबर आणि वार, बाकी काही नाही. चिकटवा एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला (आगारप्रमुखांना विचारून). चौकात लावलेली पट्टी कुणी फाडत नाही.

तिसरा_कप

आणि पहिल्या पट्ट्या दोन-तीन तुम्हीच फाडून ठेवा. कोरी चिठ्ठी बघून पहिला हात पुढे होत नाही.